गोंगाटातली हाक

व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन चालक मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर बोलू अशी त्यांची समजूत होती. आम्ही विषय सांगितला तो निराळाच: बिनतारी संवेदकांच्या जाळ्यात अतिशय क्षीण असा रेडिओ संदेश ओळखावयाचा कसा? मंडळी थोडी गोंधळली, आणि त्यांत त्यांचे काही चुकले नाही. आमचे शाळेचे शिक्षण दहावीपाशी संपले. पुढचे जे काही मिळाले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि संघटनेच्या कामानिमित्त ज्या ज्या कारखान्यात गेलो तेथल्या इलेक्ट्रिशियन व फोरमन मंडळींना प्रश्न विचारून. तेव्हा श्रोत्यांत जे अभियंते असतील त्यांनी आमच्या भाषेतला ढोबळपणा पोटात घालावा. परंतु ज्या यंत्रावर कामगाराचा जीव अवलंबून राहणार, ते यंत्र कसे ऐकते आणि कोठे चुकते हे त्या कामगाराला समजले पाहिजे, असे आमचे मत आहे. आणि जे आम्हांला समजू शकले ते इतरांना समजणार नाही असे मानण्याचे काही कारण नाही.

आरंभ आमच्या घरापासून करतो. १९८२ चा गिरणी संप झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. संप लांबला, आणि आमचे वडील मुंबईची गिरणी सोडून भिवंडीला यंत्रमागावर लागले. सुट्टीच्या दिवशी आम्ही त्यांचा डबा घेऊन जात असू. एका शेडमध्ये चोवीस माग एकदम चालत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे. सारा व्यवहार हातवाऱ्यांवर आणि ओठांच्या हालचालींवर. तरीसुद्धा वडील भाकरी खाता खाता मध्येच उठत, पलीकडच्या रांगेतल्या नेमक्या एका मागापाशी जात आणि तो थांबवीत. त्या मागाच्या धोट्याचा ठोका बिघडलेला असे. आमच्या कानांना तर सगळा एकच खडखडाट. एकदा आम्ही विचारले, "आबा, तुम्हांला हे ऐकू तरी कसे येते?" ते म्हणाले, "ऐकू कुठे येते रे? ओळखू येते. ठोका कसा पडायला हवा ते ठाऊक असले म्हणजे झाले."

ऐकू येणे निराळे आणि ओळखू येणे निराळे. आज जे सांगावयाचे आहे त्याचा पाया हाच आहे.

हाक कशासाठी?

२ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात सॅगो नावाच्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि तेरा कामगार आत अडकले. त्यांपैकी बाराजण विषारी वायू टाळण्यासाठी पडदा लावून एका कोपऱ्यात थांबले. त्यांतला जो एकटा वाचला त्याने पुढे मृतांच्या कुटुंबीयांना पत्र लिहिले. आपण आळीपाळीने छताच्या खिळ्यावर घणाचे घाव घालीत होतो, पण वरून उत्तर आले नाही, असे त्यात त्याने कळविले होते. सुमारे एकेचाळीस तासांनी बचाव पथक त्यांच्यापर्यंत पोहोचले. त्याच रात्री आणखी एक भयंकर गोष्ट घडली. खाणीबाहेर थांबलेल्या नातेवाइकांना बाराजण जिवंत असल्याची बातमी मिळाली. देवळातल्या घंटा वाजल्या. आणि सुमारे तीन तासांनी त्यांना खरे सांगण्यात आले की एकच जिवंत आहे.

म्हणजे एकाच दुर्घटनेत दोन्ही प्रकारच्या चुका झाल्या. जी हाक खरी होती ती कोणाला ओळखता आली नाही, आणि जी नव्हतीच ती खरी मानली गेली. श्रोत्यांनी या दोन चुका ध्यानात ठेवाव्यात. पुढे आपल्याला त्यांचीच गाठ पडणार आहे.

या दुर्घटनेनंतर जून २००६ मध्ये अमेरिकेत कायदा झाला. जमिनीखालच्या कोळसा खाणींत तीन वर्षांच्या आत बिनतारी संदेशवहनाची, आणि आत कोण कोठे आहे हे वर कळण्याची सोय असलीच पाहिजे, असे त्याने ठरविले. आपल्याकडे धनबादजवळच्या चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी पाणी घुसले आणि ३७५ कामगार बुडाले. तेव्हा अशी कोणतीच सोय नव्हती.

खाणीत कामगार कोठे आहे हे कळावे कसे? खडकातून रेडिओ लहर फार दूर जात नाही. म्हणून बोगद्याच्या भिंतींवर ठराविक अंतराने लहान लहान ठाणी बसवितात. कामगाराच्या टोपीवर किंवा पट्ट्यावर एक बिल्ला असतो. बिल्ला हाक देतो, जवळचे ठाणे ती ऐकते, पुढच्या ठाण्याला सांगते, आणि असे करीत निरोप वर पोहोचतो. एखादे ठाणे कोसळले तर निरोप दुसऱ्या वाटेने वळविता येतो. या ठाण्यांना वायू, उष्णता, पाणी मोजणारी उपकरणेही जोडता येतात. यालाच बिनतारी संवेदकांचे जाळे म्हणतात. पुरात निरोप पोहोचविण्यासाठी गावकऱ्यांनी हाकेच्या अंतरावर माणसे उभी करावीत, तशातला हा प्रकार. येथे माणसांच्या जागी काड्यापेटीएवढी यंत्रे आहेत, आणि प्रत्येकाजवळ शिदोरी म्हणून एक लहान बॅटरी आहे.

अशा जाळ्यांत अनेक तऱ्हांच्या रेडिओ लहरी वापरतात. आपण ज्यांचा विचार करणार आहोत त्यांना अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे अतिविस्तृत पट्ट्याच्या लहरी म्हणतात. खाणी, बोगदे आणि मोठे कारखाने येथे त्यांचा उपयोग होतो. हे तंत्र आपल्यापासून फार दूर आहे असेही नाही. ॲपल कंपनीने २०१९ मध्ये आयफोन ११ मध्ये ते बसविले, आणि आज कित्येक मोबाइल फोनांत व मोटारींच्या किल्ल्यांत ते असते.

ठिणगीपासून स्पंदापर्यंत

गंमत अशी की रेडिओचा जन्मच अतिविस्तृत पट्ट्यात झाला. १८८७-८८ मध्ये जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ याने विद्युत ठिणगी पाडून रेडिओ लहरी निर्माण केल्या. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये लोकांसमोर अशाच लहरींनी दूरची घंटा वाजवून आणि दारू उडवून दाखविली. ठिणगी म्हणजे क्षणमात्र बसलेला झटका, आणि झटक्याची शक्ती एका सुरात राहात नाही, अनेक सुरांत पसरते. हार्मोनियमची एक पट्टी दाबली तर एक सूर निघतो. दारावर थाप मारली तर तिला सूर सांगता येत नाही, कारण तिच्यात पुष्कळ सूर एकदम असतात. ठिणगीची यंत्रे अशी थाप मारीत, म्हणून ती एकमेकांच्या संदेशांत लुडबूड करीत. पुढे प्रत्येक प्रक्षेपकाला आपापला अरुंद पट्टा वाटून देण्यात आला आणि ठिणगीला घराबाहेर काढण्यात आले. आपली आकाशवाणी ऐकताना आपण सुई फिरवून स्टेशन लावीत आलो ते या वाटणीमुळेच.

फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने ठिणगीच्या या नातवाला पुन्हा घरात घेतले, पण सक्त अटींवर. ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ एवढा अफाट पट्टा वापरावयास मोकळा. मात्र प्रत्येक मेगाहर्ट्झमागे सरासरी शक्ती सुमारे ७५ नॅनोवॅटच्या वर जाता कामा नये. नॅनोवॅट म्हणजे वॅटचा अब्जावा भाग. हेतू असा की या पट्ट्यात आधीपासून राहणाऱ्या बिऱ्हाडकरूंना हा नवा भाडेकरू आहे हेच कळू नये. ५०० मेगाहर्ट्झ रुंदीचा संदेश धरला तर त्याची सगळी शक्ती मिळून सुमारे ३७ मायक्रोवॅट होते. आपला मोबाइल फोन भर जोरात असताना वॅटच्या पाचव्या भागाएवढी शक्ती बाहेर टाकतो. म्हणजे हा बिल्ला त्याच्या पाच हजारांव्या हिश्श्याने बोलतो. ओरडावयाची बंदी आहे. कुजबुजावयाची तेवढी मुभा आहे.

मग एवढ्या रुंद पट्ट्याचा लाभ तो काय? लाभ वेळेचा. पट्टा जितका रुंद, तितका स्पंद आखूड करता येतो. ५०० मेगाहर्ट्झमध्ये सुमारे दोन नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दोन अब्जांश भागाचा स्पंद बसतो. रेडिओ लहर प्रकाशाच्या वेगाने धावते आणि एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूटभर जाते. तेव्हा स्पंद केव्हा पोहोचला हे नॅनोसेकंदाच्या अंशापर्यंत कळले, तर बिल्ला किती दूर आहे हे वितीच्या मापाने कळते. ठाण्याचे आणि बिल्ल्याचे घड्याळ एक नसले तरी चालते. ठाणे विचारते, बिल्ला ठरलेल्या अवकाशाने उत्तर देतो, आणि जाण्यायेण्याच्या वेळातून तो अवकाश वजा करून निम्मे करावयाचे. ढिगाऱ्याखाली माणूस भिंतीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे ज्याला ठरवावयाचे आहे त्याला या वितीचे मोल विचारावे.

गोंगाट कोठून येतो?

आता अडचण पाहू. खाणीत रात्र असो, सर्व यंत्रे बंद असोत, तरी रेडिओला पूर्ण शांतता कधीच लाभत नाही. धातूतील विद्युत्कण उष्णतेने सतत थरथरत असतात आणि त्या थरथरीचा एक बारीक सरसराट तारेत उमटतो. १९२८ मध्ये अमेरिकेत जॉन्सन याने तो मोजला आणि नायक्विस्ट याने त्याचे गणित दिले. हा सरसराट सर्व पट्ट्यांत सारखा पसरलेला असतो. म्हणून ज्याने दार जितके रुंद उघडले, त्याच्या घरात तो तितका जास्त शिरतो. ५०० मेगाहर्ट्झच्या दारातून सुमारे दोन पिकोवॅट गोंगाट आत येतो. पिकोवॅट म्हणजे वॅटचा एक लक्ष कोटीवा भाग. आकडा हास्यास्पद लहान वाटेल, पण समोरची हाकही तितकीच लहान आहे.

हिशेब करून पाहू. बिल्ल्यातून ३७ मायक्रोवॅट निघाले. मोकळ्या जागेत, ४ गिगाहर्ट्झच्या आसपास, दहा मीटरवरच्या ठाण्याला त्यांतले सुमारे १३ पिकोवॅट मिळतात. येथे हाक गोंगाटाच्या सहापट आहे. ठीक चालले आहे. तीस मीटरवर ती दीड पिकोवॅट उरते, म्हणजे गोंगाटाहून कमी. शंभर मीटरवर ती गोंगाटाचा पंधरावा हिस्सा होते. यात मध्ये येणारा खडक, ओली माती, माणसाचे शरीर आणि खुद्द ग्राहक यंत्राचा गोंगाट धरलेला नाही. अशा वेळी कान कितीही तीक्ष्ण केला तरी उपयोग नाही, कारण कान तीक्ष्ण केला की गोंगाटही तितकाच वाढतो. येथे ओळखण्याची कला लागते.

ओळखण्याच्या तीन रीती

पहिली रीत आमच्या आबांची. ठोका कसा पडायला हवा हे आधी ठाऊक असणे. ग्राहक यंत्राजवळ अपेक्षित संदेशाचा एक नमुना असतो. आलेल्या खळबळीवर तो नमुना क्षणोक्षणी ठेवून पाहावयाचा आणि दोन्ही किती जुळतात ते मोजावयाचे. गोंगाट कधी जुळतो, कधी विरुद्ध जातो. खरा संदेश जेथे असेल तेथे मात्र सगळे एकदम जुळते. सरसराटातून ज्ञात संदेश काढण्याचा याहून चांगला मार्ग नाही, हे १९४३ मध्ये नॉर्थ या अमेरिकन अभियंत्याने रडारच्या संदर्भात दाखविले.

यालाच जोड पुनरुक्तीची. बिल्ला एकदाच हाक देऊन थांबत नाही. या लहरींसाठी अमेरिकेतील विद्युत व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे आय-ट्रिपल-ईने, २००७ मध्ये जे मानक प्रसिद्ध केले, त्यात संदेशाच्या आरंभी ३१ खुणांची एक माळ असते. प्रत्येक खूण अधिक, उणे किंवा शून्य. ही माळ चौसष्ट वेळा, हजारावर वेळा, प्रसंगी ४,०९६ वेळा फिरवून म्हणता येते. चौसष्ट फेऱ्यांची बेरीज केली की हाकेची उंची चौसष्टपट होते. गोंगाट कधी अधिक तर कधी उणे असल्यामुळे त्याची उंची आठपटच होते. शक्तीच्या भाषेत हाकेची बाजू चौसष्टपट सुधारली. शंभर मीटरवर जी हाक गोंगाटाचा पंधरावा हिस्सा होती, ती आता त्याच्या चौपट झाली. आम्हां संघटनेच्या माणसांना हे गणित नवे नाही. चौसष्ट माणसे एका सुरात एकच मागणी करतात तेव्हा ती कचेरीत ऐकू जाते. चौसष्ट माणसे चौसष्ट गोष्टी बोलतात तेव्हा तो नुसता गलका होतो.

पण या रीतीची किंमत मोठी आहे. एक तर प्रत्येक क्षणी जुळणी करावयाची म्हणजे सेकंदाला अब्जाच्या घरात मापे घ्यावी लागतात. त्यामुळे येथे उलटाच प्रकार घडतो: हाक देण्यापेक्षा हाक ऐकण्याला बॅटरी जास्त लागते. म्हणून बिल्ले बहुतेक वेळ झोपलेले असतात आणि क्षणभर जागे होऊन बोलतात. दुसरे, ताल धरून ठेवावा लागतो. घड्याळाचा साधा स्फटिक दहा लाखांत वीस भाग चुकला, तरी सेकंदाच्या हजाराव्या भागात वीस नॅनोसेकंदांची तफावत पडते, म्हणजे स्पंदाच्या दसपट. टाळकरी असे चुकू लागले तर भजनाचा गलकाच व्हावयाचा. तेव्हा ही तफावत मोजून सारखी दुरुस्त करावी लागते.

दुसरी रीत स्वस्त आहे. तीत संदेशाचा नमुना ठाऊक असण्याची गरजच नाही. ठराविक मुदतीत जी खळबळ आली तिचा वर्ग करून बेरीज करावयाची. नेहमीपेक्षा जास्त भरली तर कोणीतरी बोलले असे समजावयाचे. १९६७ मध्ये उर्कोविट्झ या अभियंत्याने या रीतीचे गणित मांडले. दाराबाहेर कोणी आले आहे का, हे शब्द न समजता नुसत्या आवाजावरून ओळखावे तसे हे. यंत्र साधे, बॅटरी थोडी. परंतु वर्ग केल्यामुळे अधिक-उणेचा भेद गेला, आणि गोंगाटाला आपापसात कटून जावयाची संधी राहिली नाही. मुदत आखूड ठेवावी तर भिंतींवरून उशिरा येणारे प्रतिध्वनी सुटतात; लांब ठेवावी तर गोंगाट साठत जातो. म्हणून ही रीत जवळच्या हाकेला चांगली, दूरच्या हाकेला कच्ची. २००७ चे मानक करताना मात्र अशा गरीब ग्राहक यंत्रालाही संदेश वाचता यावा याची काळजी घेतली होती.

तिसरी रीत या दोहोंमधली. बिल्ला एका मागोमाग दोन स्पंद पाठवितो: पहिला नमुन्याचा, दुसरा निरोपाचा. दोन्ही त्याच बोगद्यातून, त्याच भिंतींवर आदळत येतात, त्यामुळे दोघांची विकृती सारखीच असते. ग्राहक यंत्राने पहिला थोडा वेळ अडवून ठेवावा आणि दुसऱ्याशी ताडून पाहावा. बोगद्याचा स्वभाव वेगळा शिकावा लागत नाही. खोट एवढीच की नमुनासुद्धा गोंगाटाने मळलेला असतो, आणि अर्धी शक्ती नमुना पाठविण्यातच खर्च होते.

यांवर जाळ्याचा स्वतःचा लाभ आहे. एकच बिल्ला तीन ठाण्यांना थोडा थोडा ऐकू येतो. एकेकाची साक्ष कच्ची असली तरी तिघांच्या साक्षी एकत्र केल्या की ती पक्की होऊ शकते. पण येथेच असा प्रश्न उभा राहतो की तिघांपैकी एकाने सांगितले तर पुरे, की दोघांनी सांगावयास हवे?

उंबरठा कोणी ठरवावयाचा?

आता आपण मुख्य मुद्द्यापाशी आलो. रीत कोणतीही असो, शेवटी यंत्राजवळ एक आकडा येतो आणि यंत्राला सांगावे लागते की या आकड्याच्या वर गेले तर हाक आली असे समज, खाली राहिले तर नाही. या आकड्याला आम्ही उंबरठा म्हणतो. उंबरठा खाली ठेवला तर खरी हाक निसटत नाही, पण गोंगाटच वारंवार हाक म्हणून आत येतो. उंबरठा वर नेला तर खोट्या हाका थांबतात, पण क्षीण अशी खरी हाक बाहेरच मरते. यंत्र दिवसातून दहा लाख वेळा कान देत असेल आणि दहा हजारांत एकदाच फसत असेल, तरी दिवसाला शंभर खोट्या हाका होतात!

बोगद्यात याचे आणखी एक रूप दिसते. माणूस आणि ठाणे यांच्यामध्ये दगड असेल तर सरळ आलेला किरण क्षीण असतो, आणि भिंतीवरून फिरून आलेला प्रतिध्वनी जोरदार. यंत्राने जोरदार तेवढे धरले तर अंतर चुकते. तीन नॅनोसेकंदांचा उशीर म्हणजे नव्वद सेंटिमीटरची चूक. क्षीण असा पहिला किरण पकडावयाचा तर उंबरठा खाली आणावा लागतो, आणि मग त्याच्याही आधीचा सरसराट पहिला किरण म्हणून गळ्यात पडतो.

१९३३ मध्ये नेमन आणि पीअरसन या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी या गोष्टीचा निकाल लावला. खोट्या हाका किती सोसावयाच्या ते तुम्ही सांगा. तेवढ्यात खऱ्या हाका जास्तीत जास्त कशा धराव्यात ते आम्ही सांगतो, असा त्यांच्या सिद्धांताचा भावार्थ आहे. नीट ध्यानात घ्या: किती सोसावयाच्या हे गणित सांगत नाही. ते माणसाने सांगावयाचे असते. चांगले यंत्र आणा, जास्त पुनरुक्ती करा, दोन्ही चुका कमी होतील. पण कोठेतरी उंबरठा ठेवावाच लागेल, आणि तो कोठे ठेवावा हा विज्ञानाचा प्रश्न राहात नाही. कोणत्या चुकीची किंमत कोण भरतो, याचा तो प्रश्न होतो.

येथे आम्हांला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका रसायनाच्या कारखान्यात आमची संघटना होती. तेथे वायुगळतीची सूचना देणारा भोंगा होता. पावसाळ्यात दमट हवेने तो उगाच वाजे. काम थांबे, सर्वजण बाहेर येऊन भिजत उभे राहात, आणि उत्पादनावरचा भत्ता बुडे. व्यवस्थापन वैतागले होते, आणि कामगारही. बैठक झाली, भोंग्याचा आकडा वर न्यावयाचा ठरले. श्रोतेहो, त्या बैठकीत संघटनेच्या बाजूने आम्ही होतो आणि आम्ही मान डोलावली. हा आकडा म्हणजे काय, तो वर नेल्याने काय निसटेल, हे आम्ही विचारले नाही. विचारावे हेच आम्हांला ठाऊक नव्हते. पुढच्या हिवाळ्यात एका रात्रपाळीत गळती झाली. हळू गळती. भोंगा वाजला नाही, कारण आकडा उंबरठ्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. दोघांना उचलून बाहेर काढावे लागले. एकजण बरा झाला. दुसऱ्याला पुढे जिना चढता येईना. यंत्राने चूक केली नव्हती. त्याला सांगितले होते तसेच ते वागले.

त्या दिवसापासून हे सारे शिकावे असे आम्ही ठरविले. तेव्हा उंबरठा नेहमी खालीच ठेवा असा सोपा उपदेश आम्ही करणार नाही. खोट्या हाकेचीही किंमत असते, आणि तीही कामगारच भरतात. अमेरिकेतील युटा राज्यात क्रँडल कॅन्यन खाणीत ऑगस्ट २००७ मध्ये सहाजण अडकले. दहा दिवसांनी त्यांना शोधणाऱ्यांवर बोगदा कोसळला आणि बचाव करणारे तिघे मृत्यू पावले. जेथे कोणी नाही तेथे हाक आली म्हणून पथक पाठविणे हा जिवाशी खेळ आहे. शिवाय रोज खोटे ओरडणाऱ्या यंत्राकडे माणसे लक्ष देईनाशी होतात, किंवा आमच्यासारखी त्याचे तोंड बंद करतात. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकली आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: उंबरठा एकट्याने ठरवू नये. ज्या कचेरीला खोट्या भोंग्याने उत्पादन बुडण्याची काळजी आहे, तिने एकटीने तो ठरवू नये. आणि ज्यांना भिजत उभे राहावयाचा कंटाळा आहे, त्यांनी न समजता मान डोलवू नये. यंत्र बसविताना तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. खरी हाक किती अंतरावर, किती खडकाआडून, शंभरांत किती वेळा निसटते? खोट्या हाका दिवसाला किती येतात? आणि उंबरठा बदलावयाचा असेल तर कोणाकोणाची सही लागेल? हे विचारावयाला पदवी लागत नाही.

चौथा प्रश्न बिल्ल्याचा. जो बिल्ला ढिगाऱ्याखालच्या माणसाला वितीच्या मापाने शोधतो, तोच कोण किती वेळ संडासात होता आणि कोण कोणाशी बोलत उभा होता, हेही त्याच मापाने टिपू शकतो. जीव वाचविण्यासाठी घातलेला बिल्ला पगार कापण्यासाठी वापरला, तर कामगार तो खुंटीला टांगून खाली उतरतील, आणि मग सर्वांत चांगले ग्राहक यंत्रही आंधळे ठरेल. म्हणून या नोंदी कोणी, केव्हा पाहावयाच्या हेही करारात आले पाहिजे. बिल्ला अंगावर राहिला तरच हाक निघणार.

आबा आज नाहीत. उतारवयात त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते. यंत्रमागाने त्यांच्या कानांची किंमत वसूल केली होती. पण शेडमध्ये गेले की हात मागाच्या लाकडावर ठेवून ते सांगत, "याचा ठोका चुकतोय." नमुना त्यांच्याजवळ होता, आणि माग थांबवावयाचा अधिकारही त्यांच्याजवळ होता. बिघडलेला ठोका ओळखला आणि माग थांबविता आला नाही, तर त्या ओळखीचा उपयोग काय? कुजबुजणाऱ्या स्पंदांना गोंगाटातून वेगळे काढण्याची विद्या अभियंत्यांनी आपल्याला दिली आहे आणि ती फार मोठी आहे. ती हाक आली असे कधी मानावयाचे, हे ठरविताना खाली उतरणारा माणूसही त्या टेबलाशी बसलेला असावा, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.